कर्जावर उभं राहिलेलं प्रजासत्ताक: हॅमिल्टन, व्हिस्की आणि कापूस

जमाखर्च

बोस्टनचा चहा, वॉशिंग्टनचं सैन्य, जाहीरनामा यांवर आपण भरभरून बोलतो. अमेरिकेच्या त्या स्वातंत्र्ययुद्धाची बिलं कोणी भरली, हा विषय मात्र कुणी काढत नाही. आज तेवढाच काढतोय. धागा लांबणार आहे, चहा घेऊन बसा.

१७८३ साली पॅरिसचा तह झाला. देश स्वतंत्र, पण डोक्यावर कर्जाचा डोंगर. फ्रान्सचं देणं, डच सावकारांचं देणं, घरच्या सैनिकांचं आणि रसद पुरवणाऱ्यांचं देणं. आणि काँग्रेसला, म्हणजे तिथल्या राष्ट्रीय कायदेमंडळाला, कर बसवायचा अधिकारच नव्हता! तेरा राज्यांकडे पदर पसरायचा, त्यांच्या मनात आलं तर ती देणार. आयात मालावर ५ टक्के जकात बसवू द्या असा प्रस्ताव १७८१ मध्ये निघाला. त्यासाठी तेराच्या तेरा राज्यांची संमती हवी होती. सगळ्यात चिमुकल्या ऱ्होड आयलंडने १७८२ मध्ये नकार दिला, बस्स, प्रस्ताव बारगळला.

आता एक सैनिक डोळ्यांसमोर आणा. पगाराऐवजी त्याला सरकारी चिठ्ठी मिळाली आहे, 'सरकार तुम्हाला इतके डॉलर देणं लागतं'. घरी आला तर शेत पडीक, दुकानदाराची उधारी थकलेली. चिठ्ठी बाजारात नेली तर डॉलरमागे २० सेंटच्या आसपास मिळतात. तो विकून मोकळा होतो. घेणारा असतो शहरातला व्यापारी. पुढे मॅसॅच्युसेट्सचं सरकार असल्या चिठ्ठ्यांचं व्याज आणि मुद्दल भागवण्यासाठी जबर कर लावतं, तोही चांदीच्या नाण्यात. म्हणजे ज्या सैनिकाने चिठ्ठी पडेल भावात विकली, तोच आता ती घेणाऱ्याचं व्याज भरायला कर देणार. नाही दिला तर जनावरं आणि जमीन जप्त.

१७८६-८७ मध्ये पश्चिम मॅसॅच्युसेट्सच्या शेतकऱ्यांनी न्यायालयं बंद पाडली. न्यायालयच भरलं नाही तर जप्तीचा हुकूम कोण काढणार, असा साधा हिशेब. पुढाऱ्यांपैकी एक डॅनियल शेज, स्वातंत्र्ययुद्धातला कॅप्टन. जानेवारी १७८७ मध्ये स्प्रिंगफील्डच्या शस्त्रागारावर चालून गेले, तिथे तोफा डागल्या गेल्या आणि बंड विस्कटलं. ते निपटायला जी फौज उभी केली, तिच्यासाठी वर्गणी काढली होती बोस्टनच्या व्यापाऱ्यांनी, कारण सरकारकडे पैसे नव्हते. चार महिन्यांत फिलाडेल्फियात घटना लिहायला मंडळी जमली. हा निव्वळ योगायोग नव्हता.

नव्या घटनेने काँग्रेसला कर बसवायचा अधिकार दिला. ४ जुलै १७८९ ला वॉशिंग्टनने आयातशुल्काच्या कायद्यावर सही केली. मग आला अलेक्झांडर हॅमिल्टन, पहिला अर्थमंत्री. जानेवारी १७९० मध्ये त्याने 'सरकारची पत' या विषयावरचा अहवाल काँग्रेससमोर ठेवला. संघराज्याचं कर्ज साधारण ५ कोटी ४० लाख डॉलर, राज्यांचं अंदाजे अडीच कोटी. त्याचं म्हणणं: संघराज्याचं कर्ज दर्शनी किमतीला मान्य करा, राज्यांचं कर्जही संघराज्याने आपल्या अंगावर घ्या, जुन्या चिठ्ठ्यांच्या बदल्यात नवे रोखे (व्याज देणारे कर्जाचे कागद) द्या आणि व्याज वेळच्या वेळी भरा. मुद्दल फेडायची घाई नको.

काँग्रेसमधला व्हर्जिनियाचा प्रतिनिधी जेम्स मॅडिसन उभा राहिला. म्हणाला, मूळ सैनिकाला काहीच नाही का? सध्याच्या धारकाला बाजारातला सर्वोच्च भाव द्या, उरलेला फरक ज्याच्या नावे चिठ्ठी निघाली त्याला द्या. मतदान झालं, ३६ विरुद्ध १३. मॅडिसन हरला. (जॉन अॅडम्सला जमिनीची हौस, तो बायकोला जमीन घ्यायला सांगायचा. अॅबिगेलबाईंनी मात्र हे सरकारी कागद घेऊन ठेवले होते. त्यांचं गणित नवऱ्यापेक्षा बरं होतं.)

राज्यांच्या कर्जावर खरा घोळ झाला. व्हर्जिनियाने आपलं बरंच कर्ज फेडलेलं. ती म्हणणार, मॅसॅच्युसेट्स आणि साउथ कॅरोलायनाचं आम्ही का भरायचं? एप्रिलमध्ये प्रस्ताव ३१ विरुद्ध २९ असा पडला. मग जूनमध्ये न्यूयॉर्कच्या मेडन लेनवर परराष्ट्रमंत्री जेफरसनच्या भाड्याच्या घरी जेवण झालं. यजमान जेफरसन, पाहुणे हॅमिल्टन आणि मॅडिसन. जेफरसनच्याच टिपणांनुसार सौदा असा: मॅडिसन कर्जाच्या प्रस्तावाला आडवा जाणार नाही, बदल्यात कायमची राजधानी दक्षिणेत पोटोमॅक नदीच्या काठी. मधली दहा वर्षं फिलाडेल्फिया, म्हणजे पेनसिल्व्हेनियावालेही गप्प. जुलैत राजधानीचा कायदा, ऑगस्टमध्ये कर्जाचा.

पुढच्या वर्षी हॅमिल्टनची राष्ट्रीय बँक. भांडवल १ कोटी डॉलर, त्यात सरकारचा पाचवा हिस्सा. बाकी भाग (शेअर) लोकांना विकले आणि त्यांचा मोठा वाटा सरकारी रोखे देऊनच भरता येत होता. म्हणजे रोख्यांना गिऱ्हाईक तयार! भागांच्या हक्कपत्रांवर असा सट्टा पेटला की काही आठवड्यांत भाव कित्येक पटींनी चढले आणि आपटलेही. १७९२ च्या मार्चमध्ये विल्यम ड्यूअर बुडाला, हॅमिल्टनच्याच खात्यातला माजी साहाय्यक. कर्जदारांच्या तुरुंगात गेला आणि कैदेतच मेला. त्याच मे महिन्यात वॉल स्ट्रीटवरच्या २४ दलालांनी आपसात व्यवहाराचा करार केला. न्यूयॉर्कच्या शेअरबाजाराची सुरुवात ती.

माझं म्हणणं असं की, हा देश एकत्र राहिला त्यात घटनेच्या कलमांइतकाच या रोख्यांचा हात आहे. ज्याच्या पेटीत संघराज्याचा रोखा, तो संघराज्य बुडू देत नाही. हॅमिल्टनने श्रीमंतांच्या देशभक्तीवर विश्वास ठेवला नाही, त्यांच्या व्याजावर ठेवला. जोरात चाललं. पण ते व्याज कोणाच्या अंगाखांद्यावरून आलं, हे त्याच वहीच्या दुसऱ्या पानावर आहे. तिकडे चर्चेत जाऊ.

कुजकट

छान. म्हणजे सैनिकाला चुना आणि दलालाला चुनखडीची खाण. याला 'पत' म्हणतात होय!

जमाखर्च

कुजकटराव, संताप रास्त आहे, पण मॅडिसनची योजना चालवून दाखवा. चिठ्ठ्या चार-चार हात फिरलेल्या, नोंदी अर्धवट. आणि उद्या नवा रोखा विकायला काढलात, तर घेणारा विचारणार की पुढे सरकार म्हणेल, 'तू स्वस्तात घेतलास, तुला कमी'. मग तो आजच भाव पाडून मागेल. हस्तांतर होणाऱ्या कागदावर घेणाऱ्याचा पूर्ण हक्क नसेल तर त्याला बाजारच राहत नाही. हॅमिल्टन इथे बरोबर होता. सैनिकांसाठी वेगळी तरतूद करता आली असती आणि ती केली नाही, हा दोष वेगळा. तो माझ्या मते मोठा आहे.

तिखटमीठ

लेख आवडला. व्हिस्की शीर्षकात घालून लेखातून गायब केलीत, म्हणून ओतायचं काम मीच करते.

राज्यांचं कर्ज अंगावर घेतल्यावर जकात पुरेना. १७९१ मध्ये देशी दारूवर कर आला. फिलाडेल्फियात बसून बघितलं तर चैनीच्या वस्तूवर कर, कोणाचं काय बिघडलं? अॅलेगनी डोंगरांपलीकडच्या पेनसिल्व्हेनियात जाऊन बघा. तिथे राय (गव्हासारखं धान्य) पिकते, पण डोंगर ओलांडून पूर्वेच्या बाजारात न्यायची कशी? एका घोड्यावर धान्य लादलं तर जेमतेम चार बुशेल. त्याचीच दारू गाळली तर दोन पिंपांत चोवीस बुशेलांचा ऐवज मावतो. म्हणून गावागावात भट्ट्या. रोकड दुर्मिळ, तेव्हा मजुरीही व्हिस्कीत आणि देणीघेणीही व्हिस्कीत. आणि कर मात्र नाण्यात भरायचा! त्यात मोठ्या भट्टीवाल्याला वर्षाचा ठोक कर भरून जास्त माल काढता येई, म्हणजे गॅलनमागे त्याला कमी पडे. बारक्याला जास्त. खटला झाला तर हजर व्हायचं थेट फिलाडेल्फियाला, तीनशे मैलांवर.

१७९४ च्या जुलैत जनरल जॉन नेव्हिल या कर-निरीक्षकाचं घर जमावाने जाळलं. हा गृहस्थ स्वतः मोठा भट्टीवाला, हेही लक्षात असू द्या. वॉशिंग्टनने सुमारे १३,००० मिलिशिया (नागरिकांची हंगामी फौज) गोळा केली आणि वाटेत काही अंतर स्वतः बरोबर गेला. फौज पोचेपर्यंत बंडखोर पांगले होते. दोघांना देशद्रोहाची शिक्षा झाली, दोघांनाही माफी.

आठ वर्षांपूर्वी शेजच्या वेळी व्यापाऱ्यांच्या वर्गणीतून फौज उभी करावी लागली होती. या वेळी सरकारची स्वतःची. हा फरक हॅमिल्टनच्या पैशाने पडला.

जमाखर्च

तिखटमीठताई, दंडवत. त्याच मुलखातला एक पुढारी तेव्हा लोकांना सबुरीचा सल्ला देत होता, अल्बर्ट गॅलाटिन. जिनेव्हाहून आलेला. पुढे १८०१ मध्ये तो अध्यक्ष झालेल्या जेफरसनचा अर्थमंत्री झाला आणि १८०२ मध्ये व्हिस्कीवरचा कर रद्द झाला.

बखरवाचक

जकातीचा मुद्दा थोडा ओढतो. त्या काळी संघराज्याच्या उत्पन्नाचा सुमारे नव्वद टक्के भाग सीमाशुल्काचा होता, आणि आयात बहुतेक ब्रिटनमधून. ब्रिटनशी भांडण झालं की रोख्यांचं व्याज बंद. म्हणून १७९४ चा ब्रिटनशी केलेला 'जे करार', ज्यावरून तो करणाऱ्या जॉन जे याचे पुतळे गावोगाव जाळले, तो हॅमिल्टनला हवाच होता. याच कराराच्या तेराव्या कलमाने अमेरिकन जहाजांना ब्रिटिशांच्या हिंदुस्थानातल्या बंदरांत व्यापाराची उघड मुभा मिळाली. मॅसॅच्युसेट्समधल्या सेलम बंदराचे व्यापारी आधीपासून येतच होते. तिथल्या डर्बी या व्यापाऱ्याच्या जहाजातून १७८९ मध्ये मुंबईचा कापूस सेलमला उतरला. अमेरिका मुंबईतून कापूस नेत होती, हे आज वाचताना गंमत वाटते.

मराठीशी थेट नातं हवं असेल तर तेही आहे. १८१२ मध्ये निघालेले गॉर्डन हॉल आणि सॅम्युअल नॉट हे मिशनरी फेब्रुवारी १८१३ मध्ये मुंबईत पोचले. मधल्या काळात अमेरिकेने ब्रिटनशी युद्ध पुकारलं होतं, त्यामुळे कंपनी सरकार त्यांना हाकलायच्या बेतात होतं. राहिले, मराठी शिकले, शाळा काढल्या, छापखाना घातला. याच अमेरिकन मराठी मिशनचं 'ज्ञानोदय' १८४२ मध्ये अहमदनगरहून निघालं.

कुजकट

अवांतर असूनही हे सगळ्यात आवडलं. आता जेफरसनबद्दल बोला. कर्जाला शिव्या घालणाराच उधारीवर अर्धा खंड विकत घेतो, हे काय प्रकरण?

जमाखर्च

प्रकरण झकास आहे. १८०३ मध्ये लुइझियाना दीड कोटी डॉलरला घेतलं, सुमारे ८ लाख २८ हजार चौरस मैल. एकराला तीन सेंट. त्यातले १ कोटी १२ लाख ५० हजार सहा टक्क्यांच्या रोख्यांत, बाकीतून अमेरिकन नागरिकांचे फ्रान्सवरचे दावे भागवले. नेपोलियनला रोख हवी होती, व्याज नको. म्हणून हे रोखे लंडनच्या बेअरिंग आणि अॅम्स्टरडॅमच्या होप या पेढ्यांनी उचलले. ब्रिटन नेपोलियनशी लढतंय आणि लंडनची पेढी त्याला पैसे पोचवतेय!

जेफरसनच्या पक्षाने दहा वर्षं ज्या पतीला नावं ठेवली, तिच्याच जोरावर हे जमलं. १७८५ मध्ये अमेरिकेचा असा रोखा कोणी हातात धरला नसता. त्याला श्रेय इतकंच की, गॅलाटिनने काटकसर करून ८ कोटी ३० लाखांचं कर्ज १८१२ पर्यंत साडेचार कोटींवर आणलं, तेही ही खरेदी धरून.

दोन गोष्टी विसरू नका. नेपोलियनने नाद सोडला तो हैतीतल्या एकेकाळच्या गुलामांनी त्याची फौज मातीत मिळवली म्हणून. आणि फ्रान्सने जी जमीन 'विकली', तिच्यावर राहत होते ओसेज, सू, पॉनी असे लोक. त्यांना कोणी विचारलं नाही. अमेरिकेने विकत घेतला तो इतर युरोपीय सत्तांना बाजूला ठेवायचा हक्क. जमीन नंतर करार, दमदाटी आणि लढाया करून घेतली.

बफेलोतली म्हैस

गेली काही वर्षं बफेलोत (न्यूयॉर्क राज्यातलं ईरी सरोवराकाठचं शहर) आहे, त्यामुळे ईरी कालव्याचा विषय मी सोडणार नाही.

हडसन नदीपासून ईरी सरोवरापर्यंत ३६३ मैल. रुंदी ४० फूट, खोली फक्त ४. संघराज्याने पैसे द्यावेत म्हणून खूप खटपट झाली. मॅडिसनने अध्यक्षपदाच्या शेवटच्या दिवसांत, मार्च १८१७ मध्ये, सार्वजनिक कामांचं विधेयक नाकारलं, घटनेत तरतूद नाही म्हणून. मग न्यूयॉर्क राज्याने गव्हर्नर डिविट क्लिंटनच्या हट्टापायी स्वतःचे रोखे काढले. सुरुवातीला मोठे सावकार दूरच राहिले. पहिले बरेच रोखे घेतले ते न्यूयॉर्कच्या बचत बँकेने, जिथे मोलकरणी आणि कारागीर आपली शिल्लक ठेवत. मग लंडनवाले आले.

जवळच लॉकपोर्ट आहे. तिथे कडा चढवायला एकावर एक पाच जलपाशांच्या (पाणी भरून-सोडून नाव वर-खाली करणारे दारांचे कप्पे) जोड्या बांधल्या होत्या, एक वर जाणाऱ्या नावांना, एक उतरणाऱ्यांना. त्यातली जुनी रांग आजही दिसते. दगडाला हात लावला की छिन्नीच्या खुणा लागतात. देशात तेव्हा धड अभियंते नव्हते. बेंजामिन राइट आणि जेम्स गेडिस हे या कामाचे प्रमुख, दोघंही मूळचे न्यायाधीश आणि जमीन मोजणारे. काम करता करता शिकले.

१८२५ च्या ऑक्टोबरात पहिली नाव बफेलोतून निघाली तेव्हा वाटेवर ओळीने तोफा लावल्या होत्या. एकीचा आवाज ऐकून दुसरी उडवायची. दीड तासाच्या आसपास बातमी न्यूयॉर्क शहरात! बफेलो ते न्यूयॉर्क टनाला १०० डॉलर पडणारी वाहतूक दहाच्या खाली आली. खर्च ७० लाखांच्या वर, तो टोलमधून काही वर्षांत वसूल. तिखटमीठ यांच्या रायवाल्या शेतकऱ्यांना हा कालवा तीस वर्षं आधी आपल्या भागात मिळता तर दारू गाळायची वेळच आली नसती.

तिखटमीठ

शेवटच्या वाक्याला +१.

वहीकोरी

इतका वेळ नुसती वाचत होते. सगळे बँक, कालवा, रोखे बोलताहेत. शीर्षकातला तिसरा शब्द राहिला.

१७९० मध्ये देशभरात जेमतेम ३,००० गाठी कापूस. १७९३ मध्ये व्हिटनीने सरकी काढायचं यंत्र केलं. आखूड धाग्याचा कापूस आतल्या जमिनीत सहज येई, पण सरकी चिकट, एक माणूस दिवसभर वेचून एखादा पौंड रुई मिळवणार. यंत्राने ती अडचण गेली. १८३० च्या दशकात देशाच्या निर्यातीत निम्म्याहून अधिक वाटा एकट्या कापसाचा. गुलाम १७९० मध्ये सुमारे ७ लाख, १८६० मध्ये जवळपास ४० लाख. यंत्राने काम हलकं झालं आणि गुलामगिरी वाढली, कारण सरकी यंत्र काढतं, बोंडं माणसालाच वेचायला लागतात. व्हर्जिनिया आणि मेरिलँडमधल्या माणसांना विकून अलाबामा, मिसिसिपीकडे नेलं. साखळीत बांधून, पायी. नवरा एका मालकाकडे, बायको-मुलं दुसरीकडे.

आणि जमाखर्च, हे तुमच्याच रोख्यांशी जोडलेलं आहे. १८२० च्या दशकाच्या शेवटी लुइझियानात मळेवाल्यांची बँक निघाली. मळेवाले जमीन आणि गुलाम तारण ठेवणार, बँक त्यावर रोखे काढणार, राज्य हमी देणार आणि ते लंडनमध्ये विकणार बेअरिंग. तीच पेढी. लंडनमधला एखादा सभ्य गृहस्थ, ज्याने आयुष्यात गुलाम पाहिला नाही, त्याच्या कपाटात माणसांवर काढलेलं कर्ज होतं. 'दुसऱ्या पानावर' म्हणालात म्हणून सांगते, मला हे पहिल्या पानावर वाटतं. मॅसॅच्युसेट्सच्या लोवेलमध्ये मुली ज्या गिरण्या चालवत होत्या, त्यांतही हाच कापूस होता.

जमाखर्च

वहीकोरी, पूर्ण प्रतिसाद पटला, एका जागी अडतो. कापूस हा वाढीचा एकमेव पाया होता असं काही जण म्हणतात, ते मला जड जातं. उत्तरेची शेती, कालवे, १७९३ नंतर युरोपच्या युद्धात तटस्थ राहून केलेली जहाजवाहतूक हेही तितकंच खरं. १८०७ च्या शेवटी जेफरसनने परदेशी व्यापारावर बंदी घातली तेव्हा निर्यात १० कोटी ८० लाखांवरून एका वर्षात २ कोटी २० लाखांवर आली. बंदरंच्या बंदरं ओस पडली. पण परकीय चलन आणि लंडनमधली पत १८३० नंतर मुख्यतः कापसावर उभी होती, यात वाद नाही.

बखरवाचक

बँकेचं पुढे काय झालं ते कोणीच सांगितलं नाही. १८११ मध्ये मुदत संपली. गॅलाटिन नूतनीकरणाच्या बाजूने होता, पण सिनेटमध्ये बरोबरी झाली आणि उपाध्यक्ष जॉर्ज क्लिंटनच्या निर्णायक मताने बँक गेली. पुढच्याच वर्षी युद्ध! पैसे उभारता उभारता सरकारच्या नाकीनऊ आले. १८१३ चं कर्ज भरेना तेव्हा जिरार्ड, अॅस्टर आणि पॅरिश या तिघा धनाढ्यांनी मोठा वाटा उचलला. शेवटी १८१६ मध्ये दुसऱ्या बँकेवर सही केली कोणी? १७९१ मध्ये बँक घटनाबाह्य म्हणणाऱ्या मॅडिसननेच.

कुजकट

मॅडिसन सगळीकडे हरतो आणि मग सही करतो, असं दिसतंय. अध्यक्ष जॅक्सनने शेवटी सगळं कर्ज फेडलं ना? आणि राज्यांचं कर्ज संघराज्याने पुन्हा कधी अंगावर घेतलं का?

जमाखर्च

फेडलं. जानेवारी १८३५ मध्ये अमेरिकेचं राष्ट्रीय कर्ज शून्यावर आलं. त्याआधी १८३२ मध्ये त्याने दुसऱ्या बँकेच्या नूतनीकरणाचं विधेयक नाकारलं होतं. सरकारी ठेवी आवडत्या राज्य-बँकांत गेल्या, जमिनीचा सट्टा माजला, १८३६ मध्ये हुकूम निघाला की सरकारी जमीन सोन्याचांदीतच विकायची, आणि १८३७ मध्ये सगळं कोसळलं. लंडनने हात आखडता घेतला, कापसाचे भाव पडले, हीसुद्धा कारणं होती. एकट्या जॅक्सनच्या माथी मारण्यात अर्थ नाही.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर: तेव्हा नाही घेतलं. ईरी कालव्याचं यश बघून अनेक राज्यांनी कालवे, रेल्वे आणि बँकांसाठी रोखे काढले होते. १८४१-४२ मध्ये आठ राज्यांनी व्याज थकवलं. १७९० सारखं करा अशी मागणी झाली, लंडनच्या पेढ्यांनीही रेटा लावला. काँग्रेसने नकार दिला. सिडनी स्मिथ नावाच्या इंग्रज धर्मोपदेशकाकडे पेनसिल्व्हेनियाचे रोखे होते. त्याने १८४३ मध्ये काँग्रेसला जाहीर अर्ज लिहून या प्रजासत्ताकाची यथेच्छ हजेरी घेतली. पेनसिल्व्हेनियाने १८४५ मध्ये व्याज पुन्हा सुरू केलं. बऱ्याच राज्यांनी आपल्या घटनांत कर्जावर मर्यादा घातल्या, त्यांतल्या कित्येक आजही आहेत. मिसिसिपीने मात्र बँकांसाठी काढलेले रोखे सरळ नाकारले, ते आजतागायत फेडलेले नाहीत.